गोळी देऊन एंडोस्कोपी करतात का? सासूबाई तयार होत नाहीत, माहिती हवी आहे

जांबोटीकरीण

नमस्कार मंडळी. आमच्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. गेल्या पावसाळ्यापासून छातीत जळजळ होतीच, आता भाकरीचा घास छातीशी अडकतो म्हणतात. पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलायचा, नाहीतर उठून मोरीत जाऊन काढून टाकायचा. सध्या आंबील, पेज आणि ताकभात यावरच आहेत. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, म्हणजे वजन उतरलंय हे काट्यावर न चढवताही कळतं. खानापूरच्या डॉक्टरांनी बेळगावला पाठवलं, तिथे एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बिणीची नळी घालून अन्ननलिका आणि पोट आतून पाहायची तपासणी, सांगितली.

पहिल्यांदा गेलो ते न करताच परत आलो. बाहेर बसलो असताना आतल्या पेशंटच्या ओकाऱ्यांचा आवाज कानावर पडला आणि सासूबाई चप्पल घालून थेट जिन्याकडे निघाल्या. "मरीन, खरं ती नळी घालून घेणार नाही," एवढंच बोलल्या.

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितलेत. घशात स्प्रे मारून लगेच, किंवा शिरेतून गुंगीचं इंजेक्शन देऊन. दुसऱ्याला भूलतज्ज्ञ लागतात, दिवस वेगळा, खर्चही जास्त. इंजेक्शनलाही सासूबाईंचा नकार आहे, "झोपवलेलं माणूस उठत नाही" हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. कोल्हापूरच्या नणंदबाई म्हणतात, त्यांच्या ओळखीत नुसती एक गोळी देऊन केली आणि पेशंटला काही कळलंही नाही. असं खरोखर करतात का? वयाला झेपेल का? त्या बीपीची गोळी घेतात आणि रात्री झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.२५ मिलिग्रॅमची गोळी, तीही बऱ्याच वर्षांपासून. आणि करून झाल्यावर संध्याकाळच्या बसने जांबोटीला परत येता येईल का? शेजारचे मामा त्यांच्याकडची झोपेची गोळी देतो म्हणताहेत, ती मी अजून घेतलेली नाही.

शहापूरचा_विणकर

ताई, गोळीबद्दल जाणकार सांगतील. माझी नुसत्या स्प्रेवर झाली आहे, ती कशी होते ते लिहितो, म्हणजे सासूबाईंना नीट सांगता येईल. माझ्या मते अर्धी भीती न दिसणाऱ्या गोष्टीची असते.

आधी घशात स्प्रे मारतात. चव कडू आणि वास गोडसर. मिनिट-दोन मिनिटांत घसा सुजल्यासारखा जड होतो, गिळता येत नाही असं वाटतं. प्रत्यक्षात गिळता येतं, नुसतं जाणवत नाही. इथेच बरेच जण घाबरतात, तेव्हा हे आधी सांगून ठेवा. मग डाव्या कुशीवर झोपवतात, गालाखाली टॉवेल किंवा कागद ठेवतात, दातांमध्ये मधे भोक असलेली प्लास्टिकची कडी देतात. नळी करंगळीएवढी जाड. घशातून आत जाताना दोन-चार सेकंद उबळ येते, तेवढाच कठीण भाग. पुढे पोटात हवा भरतात त्याने फुगल्यासारखं होतं, ढेकर येतात. लाळ गिळायची नाही, गालावरून खाली सोडून द्यायची. नाकाने सावकाश श्वास घेत राहायचा. सिस्टरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि "आता झालं, आता वळवतोय" असं सांगत होत्या. त्याचा फार आधार झाला.

वेळ फार तर पाच-सात मिनिटं. श्वासाची वाट वेगळी आणि नळीची वाट वेगळी, त्यामुळे गुदमरत नाही. हे एक वाक्य सासूबाईंना दहादा सांगा.

निपाणीकर_तंबाखूवाले

गोळी देऊन करतात. आमच्या वडिलांची तशीच झाली, कोल्हापुरात. निपाणीहून आम्हाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. दवाखान्यात पोचल्यावर कागद झाले, मग सिस्टरनी गोळी दोन घोट पाण्याबरोबर दिली आणि खाटेवर पडून राहायला सांगितलं. बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली. अर्ध्या तासाने आत नेलं. वडील जागे होते, "तोंड उघडा" म्हटलं की उघडत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "कधी करणार आहेत?" त्यांना काहीच आठवत नव्हतं.

खरं दुसरी बाजूही सांगतो. दिवसभर ते झोपेतच होते. घरी पोचल्यावर पायऱ्या चढताना तोल गेला, मी हाताला धरून होतो म्हणून बरं. रात्री जेवताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते. सकाळी ठणठणीत. तेव्हा ज्यांची गोळी देऊन होणार आहे त्यांनी बसचा विचार करू नये, गाडी करावी.

भूलविभाग

मी भूलतज्ज्ञ आहे, शिक्षण बेळगावात झालं आणि कामही सीमाभागातच करते. सर्वसाधारण माहिती लिहिते. सासूबाईंना काय द्यायचं हे त्यांना तपासणारेच ठरवतील.

पहिली गोष्ट, तपासणी पुढे ढकलू नका. या वयात घास अडकणं आणि वजन उतरणं ही दोन्ही धोक्याची लक्षणं मानली जातात. कारण साधंही निघेल. जुन्या आम्लपित्ताने अन्ननलिका अरुंद होते, ते बरं करता येतं. पण आत पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. गोळी, इंजेक्शन, स्प्रे हा सगळा विचार तपासणी लवकर व्हावी म्हणून करायचा आहे.

आता गोळीचं. तोंडाने द्यायच्या औषधांत जास्त वापर आणि अभ्यास मिडाझोलमचा झाला आहे. मोठ्या माणसांत ७.५ मिलिग्रॅमचा डोस नेहमी वाचायला मिळतो. अल्प्राझोलामही काही ठिकाणी देतात. ही सगळी एकाच कुळातली औषधं, बेन्झोडायझेपिन. त्यांनी भीती कमी होते, गुंगी येते, आणि औषध घेतल्यानंतर घडलेलं बरंचसं आठवत नाही. निपाणीकरांच्या वडिलांचं तेच झालं. एक लक्षात घ्या, या गोळीने दुखणं कमी होत नाही आणि घशाची उबळही फारशी जात नाही. त्यासाठी स्प्रे लागतोच. गोळी आणि स्प्रे एकमेकांना पूरक आहेत.

अभ्यासांतून साधारण असं दिसतं की गोळी घेतलेले पेशंट कमी घाबरतात आणि पुन्हा वेळ आली तर करून घ्यायला तयार होतात. घरी सोडायला मात्र उशीर लागतो.

मग आम्ही सगळ्यांना गोळीच का देत नाही? शिरेतून दिलेलं मिडाझोलम एक ते तीन मिनिटांत लागू पडायला लागतं. वयस्कर माणसाला मी अर्धा किंवा एक मिलिग्रॅम देते, दोन मिनिटं थांबते, डोळे कसे जड होतात, बोलणं कसं होतं ते पाहते, गरज वाटली तरच थोडं आणखी देते. गोळीत हे करता येत नाही. पोटातून शोषलं जाऊन यकृतातून पुढे जाताना औषधाचा निम्म्याहून जास्त भाग तिथेच संपतो, आणि किती संपतो ते माणसागणिक वेगळं. एकाला त्याच गोळीने काहीच होत नाही, दुसरा घोरायला लागतो. एकदा गिळली की कमी-जास्त करता येत नाही. सासूबाईंना जर आतड्यात किंवा अन्ननलिकेत अडथळा असेल तर गोळी पोचायलाही वेळ लागेल. ज्या बाईला भाकरीचा घास उतरत नाही तिला गोळी गिळायला द्यायची का, हा प्रश्न मी त्यांच्या डॉक्टरांच्या जागी असते तर आधी विचारला असता.

त्यामुळे तुमच्या सासूबाईंसाठी माझा कल स्प्रे आणि गरज पडली तर शिरेतून अगदी थोडं, याकडे आहे. बोटाला ऑक्सिजनची क्लिप, नाकाशी ऑक्सिजनची नळी, आणि त्या वेळी फक्त पेशंटकडे पाहणारं एक माणूस. "झोपवलेलं उठत नाही" याचं उत्तर त्यांना असं द्या: एवढ्या डोसमध्ये माणूस हाक मारली की ओ देतो. पूर्ण भूल ही वेगळी गोष्ट आहे. आणि या औषधाचा असर उतरवणारं फ्लुमाझेनिल नावाचं इंजेक्शन हाताशी ठेवलेलं असतं.

शेजारच्या मामांची गोळी अजिबात नको. ती घरून घेऊन निघालात आणि वाटेत गाडीत श्वास मंदावला तर तिथे बघणारं कोणी नसतं.

चिकोडी_मेडिकल

डॉक्टरांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. अल्प्राझोलाम, डायझेपाम, मिडाझोलम ही सगळी शेड्यूल एच१ मध्ये येतात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि विकली की वहीत नोंद ठेवायची. आमच्याकडे लोक "उद्या दुर्बिणीची तपासणी आहे, झोपेची एक द्या की ओ" म्हणत येतात. मी देत नाही, नाराज होतात, होऊ देत.

औषधांचं एकमेकांशी जमणं हाही मोठा विषय आहे. पोटातल्या हेलिकोबॅक्टर जंतूसाठी जो गोळ्यांचा कोर्स देतात त्यात क्लॅरिथ्रोमायसिन असतं. ते चालू असताना मिडाझोलम तोंडाने घेतलं तर रक्तातलं प्रमाण कितीतरी वाढतं आणि गुंगी लांबते. बुरशीच्या औषधांपैकी इट्राकोनाझोल, बीपी-हृदयाच्या औषधांपैकी डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल, यांचंही तसंच. एंडोस्कोपी सांगितलेल्या पेशंटला क्लॅरिथ्रोमायसिन आधीच चालू असणं ही अगदी शक्य असलेली गोष्ट आहे. म्हणून गोळ्यांची यादी सांगू नका, पिशवीच घेऊन जा. रिकाम्या पट्ट्यासुद्धा.

जांबोटीकरीण

डॉक्टर, मेडिकलवाले दादा, फार फार आभार. गोळी गिळायचा मुद्दा आमच्या कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. रात्रीची अल्प्राझोलाम आदल्या रात्री द्यायची की नाही? आणि सकाळचा चहा? चहा घेतल्याशिवाय त्यांचं डोकं दुखतं.

भूलविभाग

रोजची अल्प्राझोलाम मनाने बंद करू नका. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी अचानक बंद केली की अस्वस्थपणा, थरथर, क्वचित झटकेही येतात. फक्त ती चालू आहे हे आधी स्पष्ट सांगा. रोज घेणाऱ्यांना त्याच कुळातल्या औषधाचा असर कमी-जास्त होऊ शकतो आणि वर आणखी डोस चढला तर गुंगी वाढते, हे आम्हाला ठाऊक असावं लागतं. बीपीची गोळी बहुतेक डॉक्टर सकाळी एक घोट पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, ते विचारून घ्या.

दुधाचा चहा नाही. दूध हे पोटात अन्नासारखं धरलं जातं, त्याला किमान सहा तास. साधं पाणी साधारणपणे दोन तास आधीपर्यंत चालतं, पण घास अडकणाऱ्या पेशंटमध्ये अन्न अन्ननलिकेत साचून राहिलेलं असू शकतं, त्यामुळे त्यांना जास्त वेळ उपाशी ठेवायला सांगतील. जे सांगतील ते काटेकोर पाळा. गुंगीत पोटातलं वर आलं आणि श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. उपाशी ठेवण्याचं कारण हे आहे, नळीला पोट स्वच्छ दिसावं हे नंतरचं. सकाळची पहिली वेळ मागून घ्या, म्हणजे चहाची तलफही लवकर भागेल.

संकेश्वर_आई

मुलांना काय करतात? माझ्या सात वर्षांच्या मुलाला सारखं पोटात दुखतं, हिमोग्लोबिन कमी, बालरोगतज्ज्ञांनी एंडोस्कोपी लागू शकते म्हटलंय. गडहिंग्लजला एक जण म्हणाले सरबतासारखं औषध पाजून करतात.

भूलविभाग

मुलांत मिडाझोलमचं पातळ औषध तोंडाने देतात हे खरं आहे, वजनाच्या किलोमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम. पण त्याचा उपयोग बहुतेक वेळा आईच्या कडेवरून मूल शांतपणे आत यावं, सुई लावताना आकांत होऊ नये, एवढ्यासाठी. प्रत्यक्ष तपासणीला या वयात सहसा शिरेतून गाढ गुंगी किंवा पूर्ण भूल दिली जाते आणि भूलतज्ज्ञ शेजारी असतात. काही मुलांना या औषधाने उलटाच परिणाम होतो, शांत होण्याऐवजी रडारड आणि हातपाय झाडणं. तसं झालं तर घाबरू नका, औषध उतरलं की थांबतं. मुलांची एंडोस्कोपी जिथे नेहमी होते अशाच ठिकाणी करा, लांब असलं तरी.

अथणी_पाटील

माफ करा, पण मला हे सगळं जास्त वाटतं. माझी दोनदा झाली, नुसत्या स्प्रेवर. पाच मिनिटांच्या कामाला कशाला गोळ्या, इंजेक्शनं, भूलतज्ज्ञ आणि वरचा खर्च? मन घट्ट केलं की होतं.

भूलविभाग

पाटील साहेब, तुमचं झालं ही चांगली गोष्ट आहे, आणि आपल्याकडे बहुतांश लोकांची स्प्रेवरच होते. स्प्रेवर करण्याचे फायदेही मोठे आहेत. तास-दीड तासात घरी, स्वतःच्या पायाने, औषधाचा धोका जवळपास नाही. जो तयार आहे त्याला मी गुंगी सुचवतही नाही.

पण उबळ ही मनाची कमजोरी नाही. घशाची प्रतिक्षिप्त क्रिया आहे ती, काहींची तीव्र असते. तरुण आणि फार घाबरलेल्या माणसांना तपासणी जास्त जड जाते, वय वाढतं तशी उबळ कमी होते. उलट्यांनी हैराण झालेला पेशंट नळी ओढून काढतो, तपासणी अर्धवट राहते, बायोप्सीचा, म्हणजे आतून काढून तपासायला पाठवायचा, तुकडा घेता येत नाही. पुन्हा बोलावलं की तो येत नाही. अशा माणसाला पाच मिनिटांसाठी गुंगी दिली तर त्यात वायफळ काही नाही.

अथणी_पाटील

पटलं. माझ्या बहिणीने अशीच एकदा अर्धवट सोडली होती. तिला हा धागा वाचायला देतो.

कंग्राळीचा_नातू

माझा मुद्दा थोडा वेगळा. आजोबांना घेऊन गेलो तेव्हा संमतीचा कागद कन्नड आणि इंग्रजीत. आजोबा मराठी चौथी शिकलेले. सिस्टर गोकाककडच्या, चांगल्या होत्या, खरं मराठी त्यांना जेमतेम. कागदावर 'गुंगी दिली जाईल, धोके समजावले' असं होतं ते आजोबांना कुणी समजावलंच नाही, बोट दाखवलं तिथे अंगठा घेतला. बाहेर आल्यावर पुढच्या सूचनाही कन्नडमध्ये. अर्ध्या तासाने आजोबांनी केळं मागितलं, मी देणार होतो, शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी थांबवलं, म्हणाल्या घसा अजून बधिर आहे. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. माझी मागणी एवढीच की जिथे निम्मे पेशंट मराठी बोलणारे येतात तिथे हा एक कागद मराठीतही ठेवावा. कन्नड असू दे, त्याच्या शेजारी मराठी.

टिळकवाडी_रहिवासी

अगदी बरोबर. पन्नास-साठ वर्षं हेच चाललंय, सरकारला...

संपादक मंडळ

सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागे आहेत, तिथे लिहावे. पेशंटला त्याच्या भाषेत सूचना मिळण्याबद्दल इथे जरूर बोला.

ओटी_सिस्टर

मी एंडोस्कोपी विभागात काम करते. माझं माहेर बैलहोंगल, घरात कन्नड, मराठी बेळगावला येऊन शिकले, चुकलं तर सांभाळून घ्या. वरच्या दादांचं वाचून वाईट वाटलं. मी पेशंटला जे तोंडी सांगते ते इथे लिहिते, कुणाला छापून वापरायचं असेल तर वापरा.

"आजी, खोटे दात असतील तर काढून माझ्याकडे द्या. हलणारा दात असेल तर दाखवा. आज सकाळी मिश्री लावली का? तंबाखू, पान, काही तोंडात आहे का? नखाला रंग किंवा काळी मेंदी असेल तर एक बोट पुसून देते, नाहीतर ही क्लिप नीट दाखवत नाही. कुठल्या औषधाने कधी अंगावर पित्त उठलं होतं का? झोपेत घोरता का, श्वास अडकतो असं घरचे सांगतात का? दम्याचा त्रास आहे का? काचबिंदू आहे का? आज घरी कोण नेणार आहे, ते माणूस मला दाखवा."

शेवटचा प्रश्न मी कधी सोडत नाही. गुंगीचं औषध घेतलेल्या पेशंटबरोबर माणूस नसेल तर आम्ही औषध देत नाही. झाल्यावर असं सांगते: "घसा जागेवर येईपर्यंत, साधारण तासभर, काही खायचं-प्यायचं नाही. आधी एक घोट पाणी, ठसका लागला नाही तर मग गार काहीतरी. आज आणि उद्या याच वेळेपर्यंत गाडी चालवायची नाही, शेगडीजवळ एकटं जायचं नाही, विहिरीवर जायचं नाही, कुठल्या कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा नाही, दारू घ्यायची नाही. पोटात जोरात दुखलं, रक्ताची उलटी झाली, डांबरासारखी काळी संडास झाली, ताप आला किंवा छातीत दुखलं तर वाट बघू नका, लगेच या."

हे मी पेशंटला आणि बरोबरच्या माणसाला, दोघांनाही सांगते. गुंगीतल्या पेशंटला सांगितलेलं राहत नाही, तो मान हलवतो आणि विसरतो.

कंग्राळीचा_नातू

अक्का, हेच हवं होतं. छापून घेतो. सहीच्या मुद्द्याबद्दल विशेष आभार, आमच्याकडे त्याच दिवशी सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर आजोबांचा अंगठा घ्यायला माणूस आला होता.

हुक्केरी_२

माझ्या भावाला यकृताचा आजार आहे, दारूमुळे. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबर बँड लावायचे आहेत. त्याला गोळी देतील का?

भूलविभाग

यकृत खराब असताना बेन्झोडायझेपिन फार जपून. औषध तोडणारं यकृतच थकलेलं असल्याने असर कितीतरी लांबतो, आणि अशा पेशंटमध्ये मेंदूवर परिणाम होऊन बडबड, दिवस-रात्रीचा गोंधळ, बेशुद्धी येऊ शकते. बँड लावण्याच्या कामाला सहसा शिरेतून प्रोपोफॉलसारखं लवकर उतरणारं औषध भूलतज्ज्ञ देतात. घरून झोपेची कुठलीच गोळी देऊ नका. भाऊ अलीकडे विसराळू झाला असेल, हात थरथरत असतील, दिवसा झोपत असेल, तर ते तपासणीआधी नक्की सांगा. घरच्यांना ते सवयीचं झालेलं असतं म्हणून सांगायचं राहून जातं.

उचगाव_सायकलवाला

नाकातून घालायची बारीक नळी असते असं वाचलं. ती इथे मिळते का?

भूलविभाग

असते. नेहमीची साधारण ९ ते १० मिलिमीटर, नाकातली ५-६ मिलिमीटर. जिभेच्या मुळाला स्पर्श होत नाही म्हणून उबळ बरीच कमी, बोलताही येतं, गुंगी लागत नाही. नाकातून रक्त येणं हा त्रास काहींना होतो. सगळीकडे नसते. फोन करून "बारीक नाकातली स्कोप आहे का" असं विचारा. कधी कधी तीच बारीक नळी तोंडावाटेही वापरतात, त्यानेही फरक पडतो.

जांबोटीकरीण

झालं! कालच करून आणलं.

इथलं सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. विणकर दादांचं "श्वासाची वाट वेगळी" हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं. आदल्या दिवशी बेळगावातच शहापूरला चुलत दिरांकडे मुक्काम केला, म्हणजे पहाटे जांबोटीहून धावपळ नको. गोळ्यांची पिशवी नेली. डॉक्टरांनी अल्प्राझोलामची पट्टी पाहिली आणि घास अडकतो म्हटल्यावर स्वतःच म्हणाले, गोळी नको. आधी स्प्रे, आणि हाताला सुई लावून ठेवली. सिस्टर मराठीत बोलणाऱ्या होत्या. सासूबाईंनी विचारलं, "मला हाक मारलीस तर ऐकू येईल का गं?" त्या म्हणाल्या, "येईल, आणि तुम्ही उत्तरही द्याल." मग एक मिलिग्रॅम दिलं. मला दाराच्या बाहेर उभं राहू दिलं होतं. हाक मारली की "हं" म्हणत होत्या.

नंतर दोन तास पडून होत्या, मग गाडीने घरी. संध्याकाळपर्यंत पेंगत होत्या. नळी गेल्याचं आठवतं, निघाल्याचं नाही म्हणतात.

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जुन्या आम्लाने झालेली सूज आणि अरुंदपणा आहे. डॉक्टर म्हणाले दिसायला साधं वाटतं, तरी तुकडे तपासायला पाठवलेत, अहवाल यायचा आहे. तो चांगला आला तर अरुंद जागा फुग्याने रुंद करायची म्हणाले. म्हणजे पुन्हा जायचं. त्या वेळी तरी गोळीवर भागेल का? सासूबाई स्वतःच विचारताहेत.

भूलविभाग

छान झालं. अहवालाची वाट पाहू या, तोवर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वेळेवर, जेवणाआधी अर्धा तास, आणि रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी.

रुंद करताना गोळी नको. ते काम तपासणीपेक्षा लांबतं, ताण जाणवतो, आणि अन्ननलिकेला चीर जाण्याचा थोडा धोका असल्याने पेशंट स्थिर राहावा लागतो. शिरेतूनच द्यावं लागेल, कदाचित या वेळेपेक्षा थोडं जास्त, आणि भूलतज्ज्ञ असतील तर उत्तम. मागच्या वेळी एक मिलिग्रॅममध्ये कशा होत्या, ऑक्सिजन किती राहिला, किती वेळ पेंगल्या, हे त्यांच्या कागदावर लिहिलेलं असेल. तो कागद जपून ठेवा आणि पुढच्या वेळी भूल देणाऱ्याच्या हातात द्या. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर जास्तच.

एकदा रुंद करून काहींना काही महिन्यांनी पुन्हा करावं लागतं, हेही त्यांना आताच सांगून ठेवा. नंतर सांगितलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटेल.

जांबोटीकरीण

सांगते. कागद पिशवीत, गोळ्यांबरोबरच ठेवलाय. अहवाल आला की इथेच लिहीन.

शहापूरचा_विणकर

पुढच्या वेळी शहापुरात मुक्काम असेल तर कळवा ताई, दवाखान्यापासून घरापर्यंत गाडी घेऊन मी येतो.